पोस्टग्रेससाठी पीजी-बॅकरेस्ट आणि कुलूपबंद बकेट: जोडी भक्कम, पण किल्ली कुणाच्या हातात?

खंडणीसाठी डेटाबेसमध्ये शिरलेला माणूस आधी बॅकअप शोधतो. बॅकअप सापडला आणि पुसला, की मालकाचे हात बांधले जातात. म्हणून पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसच्या सुरक्षेचा विचार करताना पासवर्ड आणि फायरवॉल झाल्यावर एक रोखठोक प्रश्न उरतो: सर्व्हरवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, झालेल्या माणसाला आपला कालचा बॅकअप पुसता येतो का?

याला ‘नाही’ असं उत्तर देता यावं म्हणून केल्या जाणाऱ्या एका जुळणीचं हे परीक्षण आहे. खाली झेडएफएस ही फाइल सिस्टिम, वर पोस्टग्रेस, बॅकअप घ्यायला पीजी-बॅकरेस्ट हे साधन आणि तो ठेवायला ऑब्जेक्ट लॉक (मुदत संपेपर्यंत फाइल पुसू न देणारं कुलूप) असलेली बकेट, म्हणजे एस-थ्री या क्लाउड सेवेच्या धाटणीची फाइली ठेवायची जागा. आमचं मत आधीच सांगतो. जुळणी घेण्यासारखी आहे, पण झटपट मार्गदर्शिकांमध्ये दाखवतात त्या रूपात नाही. तिथे बकेटची किल्ली डेटाबेसच्या सर्व्हरवरच एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेली असते आणि तेवढ्याने या जुळणीची निम्मी किंमत जाते.

धोका कुठून येतो

मुक्तस्रोत डेटाबेसवरचे मोठे हल्ले फारसे हुशारीचे नव्हते. २०१६ च्या अखेरीपासून २०१७ च्या सुरुवातीपर्यंत हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि मागे खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. कारण एवढंच की ते पासवर्डशिवाय थेट इंटरनेटवर उघडे होते. मोंगोडीबी ३.६ पासून मुळातच फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, तो या धड्यानंतर. २०२० च्या ‘म्याव’ हल्ल्यात चिठ्ठीही नव्हती, डेटा नुसताच पुसला गेला.

पोस्टग्रेस सुरुवातीपासून लोकलहोस्टवरच ऐकतो. पण ९.३ पासून त्याच्या कॉपी आदेशाला ‘प्रोग्रॅम’ हा जोड मिळाला आणि सुपरयूजरला (डेटाबेसच्या सर्वाधिकारी खात्याला) डेटाबेसमधून थेट ऑपरेटिंग सिस्टिमचे आदेश चालवता येऊ लागले. ही त्रुटी नाही, सोय आहे. म्हणूनच अ‍ॅप्लिकेशनला सुपरयूजरचं खातं देणं म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनच्या एका भोकातून पोस्टग्रेसच्या लिनक्स खात्यापर्यंत रस्ता काढून देणं. त्या खात्याला पीजी-बॅकरेस्टची कॉन्फिग फाइल वाचता येते, आणि आपला विषय इथेच सुरू होतो.

बाकीची बांधबंदिस्ती एका दमात: पासवर्ड स्क्रॅम-शा-२५६ पद्धतीने ठेवा (आवृत्ती १० पासून उपलब्ध, १४ पासून डिफॉल्ट), कुणी कुठून कसं जोडायचं ते ठरवणाऱ्या पीजी-एचबीए फाइलमध्ये एमडी-५ (जुनी, कमकुवत पद्धत) आणि ट्रस्टची (पासवर्डशिवाय प्रवेशाची) एकही ओळ नको, आणि आवृत्ती १५ च्या आधीचा क्लस्टर (पोस्टग्रेसची एक उभारणी) असेल तर पब्लिक स्कीमावरचा सगळ्यांचा ‘क्रिएट’ हक्क हाताने काढा. जुना क्लस्टर अपग्रेड करून १५ वर आणला तरी तो हक्क तसाच राहतो, हे पुष्कळदा सुटतं.

पीजी-बॅकरेस्ट: साधन उत्तम, डिफॉल्ट जुनाट

आधी पर्लमध्ये असलेलं आणि नंतर पूर्ण सीमध्ये लिहिलेलं हे साधन एमआयटी परवान्याखाली मिळतं. पूर्ण, डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे बदल) आणि इन्क्रिमेंटल (शेवटच्या कुठल्याही बॅकअपनंतरचे बदल) बॅकअप, समांतर प्रक्रिया, रिपॉझिटरीचं एन्क्रिप्शन, बॅकअप घेतानाच पानांच्या चेकसमची (पान बिघडलं का ते दाखवणाऱ्या आकड्यांची) तपासणी, आणि रिस्टोर करताना फक्त बदललेल्या फाइली आणणारा डेल्टा पर्याय. यादी लांब आहे आणि त्यातलं बहुतेक खरोखर नीट चालतं.

तक्रार डिफॉल्टबद्दल आहे. समांतर प्रक्रियांची संख्या मुळात १ असते. कॉम्प्रेशन जीझिप असतं, झेडएसटीडी त्याहून बरंच वेगवान असूनही. एन्क्रिप्शन बंद असतं. आर्काइव्ह-असिंक बंद असतं, त्यामुळे वॉलचा (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचा) प्रत्येक सेगमेंट एकेक करून जातो आणि बकेट दूर असली की रांग लागते. रेपो-बंडल बंद असतं. ते चालू केलं की छोट्या फाइली साधारण २० एमबीच्या गठ्ठ्यांत एकत्र जातात आणि बकेटकडे जाणाऱ्या विनंत्या झपाट्याने कमी होतात. त्याच्या जोडीला रेपो-ब्लॉक चालू केलं की मोठ्या फाइलमधले बदललेले तुकडेच इन्क्रिमेंटलमध्ये जातात. हे सहाही बदल पहिल्याच दिवशी करावेत, विशेषतः एन्क्रिप्शन, कारण स्टॅन्झा (एका क्लस्टरची बॅकअपची मांडणी) तयार झाल्यावर त्या रिपॉझिटरीचं एन्क्रिप्शन बदलता येत नाही. नवीन रिपॉझिटरी करून पुन्हा पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो.

एन्क्रिप्शनचा परवलीचा शब्द कॉन्फिग फाइलमध्ये उघडा असतो. म्हणजे तो बकेट चालवणाऱ्यापासून किंवा फेकून दिलेल्या डिस्कपासून वाचवतो, त्या सर्व्हरवर शिरलेल्या माणसापासून नाही. आणि सर्व्हर गेला तर तो शब्दही जातो. त्याची प्रत कागदावर, बंद पाकिटात, डेटाबेसशी काहीही संबंध नसलेल्या जागी ठेवावी. पासवर्ड मॅनेजर त्याच डेटाबेसवर चालत असेल तर काय होईल, हे ज्याने त्याने ताडून पाहावं.

आणखी एक सापळा डेबियन आणि उबुंटू वापरणाऱ्यांसाठी. तिथे पोस्टग्रेसच्या कॉन्फिग फाइली डेटा डिरेक्टरीत नसतात, ‘ईटीसी’खाली असतात. पीजी-बॅकरेस्ट फक्त डेटा डिरेक्टरी उचलतं. रिस्टोर झाल्यावर डेटा सगळा असतो, पण पीजी-एचबीए आणि मेमरीची सगळी मापं गायब. या फाइली वेगळ्या ठेवायची सोय करावीच लागते.

ऑब्जेक्ट लॉक: इथे थांबून वाचा

ऑब्जेक्ट लॉकचे दोन प्रकार आहेत. गव्हर्नन्समध्ये विशेष परवानगी असलेल्याला कुलूप ओलांडता येतं. कम्प्लायन्समध्ये कुणालाच नाही, खात्याच्या रूटलाही नाही. मुदत वाढवता येते, कमी करता येत नाही. अ‍ॅमेझॉनवर कम्प्लायन्समधली वस्तू मुदतीआधी घालवायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे खातंच बंद करणं. म्हणून सुरुवात गव्हर्नन्स आणि १ दिवसाच्या मुदतीने करावी, सगळं नीट चालल्यावरच कम्प्लायन्सकडे जावं. चाचणी करताना मुदतीच्या रकान्यात दिवसांऐवजी वर्षं टाकली गेली, तर तो कचरा तितकी वर्षं भाडं खात राहतो.

पहिली चूक इथेच होते. पीजी-बॅकरेस्ट फाइल चढवताना तिच्यासोबत कुलपाची मुदत पाठवत नाही. बकेटवर ऑब्जेक्ट लॉक चालू आहे, पण डिफॉल्ट रिटेन्शन लावलेलं नाही, अशा स्थितीत एकही फाइल कुलूपबंद होत नाही आणि कुठलाही इशाराही येत नाही. बकेटवर डिफॉल्ट रिटेन्शन लावा, मग नुकत्याच चढलेल्या एका फाइलचा हेडर मागवून ‘रिटेन अंटिल’ तारीख दिसते का ते पाहा. त्यापुढे जाऊन त्या फाइलची ती विशिष्ट आवृत्ती पुसून बघा. नकार आला पाहिजे.

‘विशिष्ट आवृत्ती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ऑब्जेक्ट लॉकसाठी व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणं) लागतं, आणि व्हर्जनिंग असलेल्या बकेटमध्ये साधा ‘डिलीट’ कुलपाला धडकतच नाही. तो यशस्वी होतो, फाइलवर फक्त डिलीट मार्कर बसतो आणि यादीतून ती दिसेनाशी होते. खाली मूळ आवृत्ती शाबूत असते. हल्लेखोराला वाटतं बॅकअप गेला. घाबरलेल्या अ‍ॅडमिनलाही तसंच वाटतं. तीच गोष्ट फाइलवर कचरा लिहिण्याची: वर नवी आवृत्ती बसते, जुनी खाली राहते.

मग परत यायचं कसं? पीजी-बॅकरेस्टमध्ये आता रेपो-टार्गेट-टाइम हा पर्याय आहे. हल्ल्याच्या आधीची वेळ दिली की साधन त्या क्षणी बकेट जशी होती तशी वाचतं. डिलीट मार्कर आणि नंतरच्या आवृत्त्या त्याला दिसत नाहीत. हजारो मार्कर हाताने काढायची गरज उरत नाही. हा पर्याय येईपर्यंत कुलूपबंद बकेटमधून परतणं म्हणजे रात्रभर स्क्रिप्ट लिहिण्याचं काम होतं. या एका सोयीसाठी जुनी आवृत्ती सोडून नवी घ्यावी. त्यासाठी किल्लीला आवृत्त्यांची यादी आणि जुन्या आवृत्त्या वाचायची परवानगी लागते. ती आधीच देऊन ठेवा, गडबडीत परवानग्यांशी झगडायला नको.

आता मुदतीचा हिशोब. धरू की दर रविवारी पूर्ण बॅकअप, रोज डिफरन्शियल, आणि गेल्या २१ दिवसांतल्या कुठल्याही क्षणी परतता आलं पाहिजे. बरेच जण कुलूपही २१ दिवसांचं लावतात, आणि ते चूक आहे. एकविसावा दिवस शनिवार असेल तर त्याला लागणारा पूर्ण बॅकअप त्याआधीच्या रविवारचा, म्हणजे २७ दिवसांपूर्वीचा. त्याचं कुलूप केव्हाच उघडलेलं असतं. त्यात एखाद्या रविवारचा बॅकअप फसला तर आणखी ७ दिवस मागे जावं लागतं. म्हणून २१ अधिक ७ अधिक ७, असे ३५ दिवस. पीजी-बॅकरेस्टच्या बाजूला मात्र रिटेन्शन-फुल-टाइप ‘टाइम’ ठेवून २१ च लिहायचं. २१ दिवसांहून जुना असा किमान एक पूर्ण बॅकअप हाताशी ठेवूनच ते त्याच्या मागचे काढतं.

तिथे ‘काउंट’ पद्धत ठेवू नका. काउंट २ असेल तर शिरलेला माणूस बिघडवलेल्या डेटाबेसचे दोन-तीन पूर्ण बॅकअप लागोपाठ घेतो आणि चांगले बॅकअप साधन स्वतःच मुदतबाह्य ठरवून काढतं. चोराला काही पुसावंही लागत नाही.

लाइफसायकल नियम हा या जुळणीतला दुसरा नाजूक सांधा. मुदतबाह्य झालेल्या आवृत्त्या कधीतरी खऱ्याच काढायला हव्यात, नाहीतर बकेट फुगतच जाते. त्यासाठी ‘नॉन-करंट’ (पुसलेल्या किंवा वर नवी बसलेल्या) आवृत्त्या अमुक दिवसांनी काढा असा नियम लावतात. तो १ दिवस ठेवला तर काय होतं पाहा. हल्लेखोर गुपचूप सगळ्यावर डिलीट मार्कर बसवतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि जसजशी कुलपं उघडतात तसतसा तुमचाच नियम त्याचं काम पुरं करतो. नॉन-करंटची मुदत १४ दिवस ठेवली तर वस्तू कितीही जुनी असो, पुसल्यापासून किमान १४ दिवस ती राहतेच. म्हणजे लक्षात यायला दोन आठवडे मिळतात. हल्ला कळल्यावर पहिली कृती रिस्टोर नव्हे, हा नियम बंद करणं. मग हव्या त्या आवृत्त्यांवर लीगल होल्ड लावावा, त्याला तारीखच नसते.

जागेचा अंदाजही घ्या. ५०० जीबीचा डेटाबेस कॉम्प्रेस होऊन २५० जीबी होतो असं धरू. २१ दिवस, त्यावर आठवड्याचा फरक आणि नॉन-करंटचे १४ दिवस मिळून एका वेळी साधारण ६ पूर्ण बॅकअप पडून असतात: १,५०० जीबी. रोजचा डिफरन्शियल सरासरी २० जीबी धरला तर पाच आठवड्यांचे ६०० जीबी. वॉल रोज १० जीबी, ३५ दिवसांचे ३५० जीबी. एकूण २,४५० जीबी, म्हणजे मूळ डेटाबेसच्या जवळजवळ पाचपट. कुलूपबंद बकेट स्वस्तात पडते असं सांगणाऱ्याने हा गुणाकार केलेला नसतो.

किल्ली वेगळ्या घरात

या जुळणीतला सगळ्यात जास्त परिणाम करणारा बदल कुठल्याही उत्पादनात नाही. तो म्हणजे स्वतंत्र रेपो होस्ट, फक्त बॅकअप सांभाळणारं वेगळं यंत्र. बॅकअपचं वेळापत्रक, बकेटची किल्ली आणि एन्क्रिप्शनचा शब्द त्या यंत्रावर राहतात. डेटाबेसच्या सर्व्हरवर यांपैकी काहीच नसतं. तो फक्त वॉल ढकलतो.

दोघांमधला संवाद एसएसएचवर किंवा पीजी-बॅकरेस्टच्या स्वतःच्या टीएलएस सर्व्हरवर चालतो. हा सर्व्हर २.३७ पासून आहे, पोर्ट ८४३२. आमची पसंती टीएलएसला. एसएसएचमध्ये दोन्ही दिशांना शेल उघडलं जायची शक्यता राहते आणि ती आदेश बांधून बंद करावी लागते. टीएलएसमध्ये दोन्हीकडे प्रमाणपत्र लागतं आणि कोणत्या प्रमाणपत्राला कोणता स्टॅन्झा दिसेल ते एका ओळीत ठरतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड ग्रंथालयातलं मागचं दार उघडकीला आलं ते एसएसएचच्याच वाटेवरचं होतं, आणि ते पकडणारे आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचेच विकासक. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या कुतूहलातून ते सापडलं.

रेपो होस्टच्या किल्लीला यादी, वाचन, लेखन आणि साधं पुसणं एवढ्याच परवानग्या द्या. विशिष्ट आवृत्ती पुसणं, लाइफसायकल बदलणं, व्हर्जनिंग थांबवणं, बकेटची पॉलिसी किंवा लॉकची मांडणी बदलणं, गव्हर्नन्स ओलांडणं, यांपैकी एकही नको. मुदत वाढवायची परवानगीही नको. कम्प्लायन्समध्ये मुदत फक्त वाढते म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण वैतागलेला हल्लेखोर प्रत्येक फाइलचं कुलूप शंभर वर्षांचं करू शकतो आणि बिल तुमचं. याच कारणासाठी बकेटवर कोटा किंवा खर्चाचा इशारा लावावा: कुलूपबंद बकेटमध्ये कुणी टेराबाइटभर कचरा ओतला तर तोही ३५ दिवस काढता येत नाही.

साधं पुसणंही बंद करावं असं काही जण सुचवतात. करता येतं. एक्स्पायर-ऑटो बंद करून एक्स्पायर वेगळ्या किल्लीने चालवायचं. पण मध्येच तुटलेल्या बॅकअपचे अवशेष साफ करायला साधनाला पुसावं लागतं, आणि ते जमलं नाही की पुढचा बॅकअप अडतो. व्हर्जनिंग असताना हा त्रास घेण्यात फार अर्थ नाही.

बकेट स्वतःच्या यंत्रावर असेल तर दोन गोष्टी पक्क्या ठेवा. एक, कुलूप हे त्या सॉफ्टवेअरचं आहे, डिस्कचं नाही. स्टोरेज सर्व्हरवर रूट मिळालेला माणूस खालच्या फाइलच उडवतो, कम्प्लायन्स असो वा नसो. त्या यंत्राचे पासवर्ड, व्हर्च्युअलायझेशनचा कन्सोल आणि दूरून चालवायचं मॅनेजमेंट कार्ड, हे तिन्ही डेटाबेस सांभाळणाऱ्या डिरेक्टरीशी जोडलेले नसावेत. दोन, मुदत घड्याळावर मोजली जाते. वेळेचा स्रोत ज्याच्या हातात, त्याला घड्याळ दोन महिने पुढे ढकलून कुलूप उघडता येतं.

सॉफ्टवेअर कोणतं? मिनआयओ अनेक वर्षं सोपा पर्याय होता, पण २०२५ मध्ये सामुदायिक आवृत्तीच्या वेब कन्सोलमधून व्यवस्थापनाची बरीच सोय काढली गेली आणि तयार बायनरी देणंही थांबलं. नवीन उभारणी त्यावर करायला आम्ही सांगणार नाही. सेफ या स्टोरेज प्रणालीचं रॅडॉस गेटवे ऑब्जेक्ट लॉक देतं, जुन्या आवृत्त्यांमध्ये बकेट बनवतानाच तो चालू करावा लागतो, पण सेफ सांभाळणं हे स्वतंत्र माणसाचं काम आहे. मोठ्या स्टोरेज अ‍ॅरेमध्ये नेटअ‍ॅपचं स्नॅपलॉक किंवा प्युअरचं सेफमोड हे याच जातीचं काम यंत्राच्या पातळीवर करतात.

झेडएफएसचे स्नॅपशॉट: वेगासाठी, सुरक्षेसाठी नाही

स्नॅपशॉट (फाइल सिस्टिमचं त्या क्षणीचं गोठवलेलं चित्र) फक्त वाचता येतो म्हणून तो सुरक्षित, हा समज चुकीचा. रूटला तो एका आदेशात नष्ट करता येतो. ‘होल्ड’ लावला तर आधी होल्ड सोडावा लागतो, एवढंच. फाइलींवर ‘चॅटर’ने लावलेला अचल बिट तितकाच कामाचा. स्नॅपशॉटची खरी किंमत चुकून चाललेल्या ‘ड्रॉप टेबल’नंतर कळते: पाच मिनिटांत क्लोन करून डेटा काढता येतो, बकेटपर्यंत जावंही लागत नाही.

डेटा डिरेक्टरी आणि वॉल झेडएफएसच्या एकाच पूलमध्ये (डिस्कच्या एकत्र साठ्यात) असावेत आणि स्नॅपशॉट दोन्हींचा एकाच रिकर्सिव्ह आदेशाने घ्यावा. मग तो एका क्षणाचा असतो आणि पोस्टग्रेस त्यातून वीज गेल्यावर उठावं तसं उठतं. वॉल दुसऱ्या पूलवर असेल तर दोन स्नॅपशॉटमध्ये काही मिलिसेकंदांचं अंतर राहतं, तेवढं बिघडायला पुरेसं आहे.

सुरक्षेसाठी उपयोग करायचा तर दुसऱ्या यंत्राने येऊन ओढून न्यायचं, डेटाबेस सर्व्हरने ढकलायचं नाही. स्नॅपशॉट दुसऱ्या यंत्रावर नेणारं सिंकॉइड चांगलं साधन आहे, पण मुळात ते स्वतःचा स्नॅपशॉट बनवतं आणि जुना नष्ट करतं, म्हणजे त्याला ‘डिस्ट्रॉय’चा हक्क लागतो. नो-सिंक-स्नॅप आणि नो-प्रिव्हिलेज-एलिव्हेशन हे दोन पर्याय द्या, आणि झेडएफएस-अलाऊने त्या खात्याला फक्त ‘सेंड’ आणि ‘होल्ड’ द्या.

बदललेलं अख्खं पान वॉलमध्ये लिहिणारा फुल-पेज-राइट्स हा पर्याय बंद करण्याचा सल्ला झेडएफएसवर सर्रास मिळतो, कारण तिथे पान अर्धवट लिहिलं जात नाही. वॉल खरंच कमी होतो. पण स्टँडबाय (डेटाबेसची तयार ठेवलेली दुसरी प्रत) ईएक्सटी-४ या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर असेल तर त्याला हे संरक्षण नाही आणि तिथे फाटकं पान मिळू शकतं. पूल ८० टक्क्यांपुढे भरू देऊ नका. गंमत अशी की ६०० जीबीच्या पूलवर ४०० जीबीचा डेटाबेस आणि कालचा स्नॅपशॉट असेल, तर सगळं एन्क्रिप्ट करायला निघालेल्या रॅन्समवेअरची जागा अर्ध्यातच संपते. अर्थात याला संरक्षण म्हणू नये.

लक्सबद्दल, म्हणजे लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनबद्दल, एवढंच: ते बंद यंत्राच्या, चोरलेल्या किंवा दुरुस्तीला गेलेल्या डिस्कपासून वाचवतं. चालू सर्व्हरवर शिरलेल्याला सगळं उघडं दिसतं. लक्स-२ चा हेडर बिघडला तर अख्खी डिस्क गेली, म्हणून त्याची प्रत डिस्कबाहेर ठेवावीच.

काय बिघडतं

आर्काइव्ह-पुश-क्यू-मॅक्स हा पर्याय वाटतो तितका भाबडा नाही. बकेट बंद पडली की वॉल साचतो, डिस्क भरते आणि पोस्टग्रेस कोसळतं. हे टाळायला ही मर्यादा लावतात. मर्यादा ओलांडली की साधन पोस्टग्रेसला ‘पोचलं’ असं सांगून वॉल टाकून देतं. डेटाबेस चालू राहतो, पण तिथून पुढच्या बॅकअपपर्यंत कुठल्याही क्षणी परतायची सोय तुटते, आणि खूण उरते ती लॉगमधल्या एका इशाऱ्याची. मर्यादा लावा, पण त्या इशाऱ्यावर माणूस उठेल अशी घंटा जोडा.

आर्काइव्ह-टाइमआउट ६० सेकंद ठेवला तर फार तर एक मिनिटाचा डेटा जातो. शांत डेटाबेसवर याचा अर्थ दिवसाला १६ एमबीचे १,४४० सेगमेंट, म्हणजे २३ जीबी. घाबरायचं कारण नाही, त्यातला रिकामा भाग झेडएसटीडी जवळजवळ शून्यावर आणतं. फाइलींची संख्या मात्र तेवढीच राहते.

डेटा चेकसम पोस्टग्रेस १८ पासून नव्या क्लस्टरमध्ये आपोआप चालू असतात. जुन्यात पीजी-चेकसम्सने, डेटाबेस थांबवून, चालू करावे लागतात. ते असतील तर बॅकअप घेताना प्रत्येक पान तपासलं जातं. पण पान खराब निघालं तरी बॅकअप यशस्वीच ठरतो, फक्त लॉगमध्ये इशारा येतो. बाहेर पडताना मिळणारा शून्य पाहून समाधान मानणारी निगराणी इथे फसते. फाइली बाहेरून एन्क्रिप्ट झाल्या तर शेकडो पानं एकदम खराब दिसतात. एसक्यूएलमधून रकाने एन्क्रिप्ट केले तर चेकसम बरोबरच येतो, पण दोन खुणा लपत नाहीत: त्या दिवशी वॉल उसळतो आणि डिफरन्शियलचं कॉम्प्रेशन घसरतं, कारण एन्क्रिप्ट केलेला मजकूर दाबला जात नाही. इन्फो आदेशाचं जेसन रोज वेगळ्या यंत्रावरून, फक्त वाचायच्या किल्लीने घ्या आणि तीन आकडे तपासा: शेवटच्या बॅकअपचं वय, डिफरन्शियलचा आकार, पूर्ण बॅकअपची संख्या.

रिस्टोरचा सराव महिन्यातून एकदा, रिकाम्या यंत्रावर, कागदावरच्या परवलीच्या शब्दाने. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चुकून मुख्य डेटा डिरेक्टरी पुसली गेली तेव्हा कळलं की पीजी-डंप (डेटाबेसची प्रत काढणारं साधन) आवृत्तीच्या गोंधळामुळे चालतच नव्हतं, बकेट रिकामी होती आणि अपयशाच्या ईमेल मधल्या मध्ये नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटने त्यांना तारलं.

वेळही मोजून ठेवा. २५० जीबी दाबलेला बॅकअप एक गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला ११० एमबी वेगाने यायला ३८ मिनिटं लागतात. खरा वेळ खातं ते वॉल पुन्हा चालवणं, कारण पोस्टग्रेस ते एकाच प्रक्रियेत करतं. रविवारच्या पूर्ण बॅकअपवर शनिवारपर्यंतचा वॉल चालवायचा तर तासन् तास जातात. रोजचा डिफरन्शियल त्यासाठीच. समांतर प्रक्रिया बॅकअपला दोन-चार पुरेत, रिस्टोरला यंत्राचे सगळे कोअर द्यावेत.

कुणी घ्यावं, कुणी नको

पीजी-बॅकरेस्टऐवजी बारमन हा पर्याय पायथन जाणणाऱ्या आणि एका यंत्रावरून अनेक सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सोपा जातो. वॉल-जी मायएसक्यूएल आणि मोंगोडीबीलाही हाताळतं, त्यामुळे मिश्र ताफ्यात ते बघावं. मारियाडीबी आणि मायएसक्यूएलमध्ये टेबलस्पेसचं एन्क्रिप्शन मुळातच आहे, पोस्टग्रेसच्या गाभ्यात ते नाही. बकेट आणि किल्लीबद्दलचं वरचं सगळं मात्र तिथेही जसंच्या तसं लागू होतं. आणि यातलं काहीही डेटा चोरून नेणं थांबवत नाही, ते काम परवानग्यांचं आणि बाहेर जाणाऱ्या जोडण्या रोखण्याचं.

डेटाबेस १० ते २० जीबीचा असेल, सांभाळणारा एकच माणूस असेल आणि एका दिवसाचं काम गमावणं परवडत असेल, तर हा सगळा संसार मांडू नये. वेगळ्या खात्यावरच्या एका यंत्राने रोज रात्री येऊन, फक्त वाचायच्या भूमिकेने पीजी-डंप ओढून न्यावा, ३५ प्रती ठेवाव्यात, आणि त्या यंत्रावर डेटाबेस सर्व्हरकडून एकही दार उघडं नसावं. पीजी-डंपसोबत पीजी-डंपऑल ग्लोबल्स-ओन्ली पर्यायाने चालवायला विसरू नये, नाहीतर रिस्टोरच्या वेळी टेबलं येतात आणि त्यांच्या मालकांची खाती सापडत नाहीत.